आजोबा कॉलेजच्या दिवसांतच का रमतात?

इंदूरच्या राजेंद्रनगरात संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या मंडळींत थोडा वेळ बसलात तर एक गोष्ट ध्यानात येते. पस्तीस वर्षांची नोकरी दोन वाक्यांत आटोपते आणि होळकर कॉलेजातली दोन वर्षं अंधार पडेपर्यंत पुरतात. घरचे म्हणतात, "झालं यांचं सुरू!" एके काळी डॉक्टरही याला बुद्धी मंदावल्याचं लक्षण मानत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये त्याला विरोध केला. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याची उजळणी करतो, ते स्वाभाविकच आहे, असं त्यांचं म्हणणं.

पण उजळणी सगळ्या वर्षांची सारखी होत नाही. मानसशास्त्रज्ञ वयस्कांना एखादा साधा शब्द देतात, त्यावरून सुचलेली आठवण सांगायला लावतात आणि ती कोणत्या वयातली ते विचारतात. रुबिन, वेट्झलर आणि नेब्ज यांनी 1986 मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. अगदी लहानपण जवळजवळ कोरं, अलीकडची वर्षं भरलेली, आणि मध्येच साधारण 10 ते 30 या वयात आठवणींचा ठळक उंचवटा.

का? मेंदू तेव्हा ऐन भरात असतो, हे एक उत्तर. मला दुसरं जास्त पटतं: पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं बिऱ्हाड, सगळं त्याच काळात घडतं. याला आधारही आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक वृद्धांच्या 1998 मधल्या एका छोट्या अभ्यासात, जे चौतीस-पस्तिशीत देश सोडून आले होते त्यांचा उंचवटा त्या वयाकडे सरकलेला दिसला.

ठळक आठवण बिनचूक असतेच असं नाही. आमच्या गल्लीतले एक काका 1954-55 चा रणजीचा अंतिम सामना रंगवून सांगतात. यशवंत क्लबचं मैदान, इंदूरचा होळकर संघ, समोर मद्रास, काका सोळा वर्षांचे. कुंपणावरून उडी मारताना पायजमा फाटला, आणि आईने तो शिवताना टाक्यागणिक शिव्या घातल्या. शेवटी होळकर जिंकले! प्रत्यक्षात मद्रास 46 धावांनी जिंकलं. चार वर्षांपूर्वी, 1950-51 मध्ये मात्र होळकरांनी गुजरातला इंदुरातच हरवून करंडक घेतला होता. दोन सामने बहुधा एकात मिसळले. मेंदूत आठवणीची टेप नसते. दर वेळी ती सुट्या तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते, आणि रिकाम्या जागी आपल्याला शोभेल तेच बसतं. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी 1932 मध्येच हे दाखवलं होतं. काकांना मी कधी दुरुस्त केलेलं नाही. धावफलक कुठेही मिळतो, आईच्या शिव्या फक्त त्यांच्याकडे आहेत.

वयाबरोबर आणखी एक बदल होतो. प्रसंगातले बारकावे कमी होतात आणि "त्या काळी माणसं साधी होती" छापाची सर्वसाधारण विधानं वाढतात. हे 2002 च्या एका प्रयोगात मोजलेलं आहे. म्हणून 'तेव्हाचं इंदूर कसं होतं?' हा प्रश्न मला वायाच वाटतो. "काका, मैदानावर गेलात कसे? सायकल कोणाची होती? बरोबर कोण होतं?" असं विचारलं की गाडी प्रसंगाकडे वळते.

आणि भाषा! मारियन आणि नाइसर यांनी 2000 मध्ये रशियातून अमेरिकेत आलेल्या द्विभाषिक तरुणांची मुलाखत घेतली. रशियन भाषेत विचारलं तर रशियन वातावरणातल्या आठवणी जास्त निघाल्या, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीतल्या. आमचे काका घरात मराठी आणि मिलच्या ऑफिसात आयुष्यभर हिंदी बोलले. मराठीत मिलबद्दल विचारलं की "ठीक होतं" एवढंच उत्तर मिळतं. "काका, बड़े बाबू कैसे थे?" म्हटलं, तर चहा दोनदा होतो.