घुमारा आणि पडसाद: गिटारच्या रिव्हर्ब-डिलेमागचा इतिहास

कोल्हापुरात इलेक्ट्रिक गिटार मुख्यतः तीन ठिकाणी वाजते: मंगल कार्यालयात, नाट्यगृहात आणि गणेशोत्सवात तालीम मंडळाच्या रस्त्यावरच्या स्टेजवर. पेडल (पायाने चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा डबा) तेच आणि नॉबही तिथेच असले तरी तिन्हीकडे आवाज वेगळा येतो, कारण रिव्हर्ब आणि डिले या दोन्ही गोष्टी मुळात जागेच्या नकला आहेत. जागा स्वतःच घुमत असेल तर नकलेवर नक्कल चढते. कोणत्या यंत्राने ही नक्कल कशी केली आणि त्यात काय कमी पडलं, हे कळलं की पेडलवरच्या नॉबचा अर्थ लागतो.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. सुटा ऐकू येतो तो पडसाद, म्हणजे डिले, आणि असंख्य पडसाद एकमेकांत विरघळून उरतो तो घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. पन्हाळ्यावर अंबारखान्याच्या गंगा कोठीत टाळी वाजवली की घुमारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मूळ आवाजानंतर साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत आलेली नक्कल कान वेगळी मोजत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर मोजमापं केली. त्यापुढे गेलं की पडसाद सुटा होतो.

घुमारा किती वेळ टिकतो हे मोजायला सुरुवात केली हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी, १८९५ पासून. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात घुमारा साडेपाच सेकंद टिकत होता आणि व्याख्यान कळत नव्हतं. सॅबाइननी रात्री गाद्या आणून ठेवल्या, मोजल्या, आणि सूत्र काढलं: सेकंद = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. हे सूत्र आपल्याकडे लावून बघा. २० × १२ मीटरचं, ५ मीटर उंचीचं मंगल कार्यालय, फरशी आणि गिलावा. घनफळ १२०० घनमीटर, पृष्ठभाग ८०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला शोषण ०.०५ धरलं तर एकूण ४० एकक, म्हणजे रिकामा हॉल जवळपास पावणेपाच सेकंद घुमतो. त्यात ३०० माणसं बसली, दर माणशी ०.४५ एकक धरलं, तर हाच आकडा १.१ सेकंदावर येतो. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बसवलेला रिव्हर्ब संध्याकाळी कोरडा वाटतो तो यामुळे. साऊंडचेकला 'बरोबर' वाटण्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा.

स्टुडिओतही सुरुवातीला खोलीच वापरली. शिकागोत बिल पटनम यांनी १९४७ मध्ये बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा ध्वनिमुद्रणात घेतला. जर्मनीच्या ईएमटी कंपनीच्या १४० या यंत्राने १९५७ मध्ये खोलीऐवजी एक मीटर बाय दोन मीटरचा, अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा टांगला. आजच्या पेडलवर 'प्लेट' लिहिलेलं असतं ते याच पत्र्यावरून. त्याचा घुमारा लगेच येतो, दाट असतो आणि त्याला खोलीसारखे भिंतीचे पहिले पडसाद नसतात.

गिटारवाल्यांच्या वाट्याला आली ती मात्र स्प्रिंग. बेल लॅबमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेतला विलंब अभ्यासण्यासाठी स्प्रिंग वापरली गेली होती. हॅमंड यांनी ती आपल्या ऑर्गनमध्ये घेतली. गिटार-अॅम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये सुटं रिव्हर्ब युनिट काढलं आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये ते अॅम्पच्या आतच बसवलं. सुट्या युनिटवर तीन नॉब होते: ड्वेल, मिक्सर, टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात ढकलायचं ते, मिक्सर म्हणजे मूळ आवाजात घुमारा किती मिसळायचा ते. मिक्सर कमी आणि ड्वेल जास्त ठेवला की ठिबकल्यासारखा ओला आवाज येतो. उलट केलं तर मागे नुसती दूरवरची हवा.

स्प्रिंगमध्ये उंच आणि खालचे स्वर वेगवेगळ्या गतीने प्रवास करतात, म्हणून तीव्र ठोक्याला 'च्यूंव' असा आवाज येतो. हा दोष होता, पण सर्फ गिटारने (अमेरिकेतल्या सर्फ संगीतातल्या गिटारने) त्यालाच आपलं वैशिष्ट्य केलं. टाकी, म्हणजे स्प्रिंग बसवलेला पत्र्याचा डबा, बदलताना त्यावरचा क्रमांक जुळवावाच लागतो. फेंडरची नेहमीची टाकी ४एबी३सी१बी: इनपुट ८ ओहम, आउटपुट २२५० ओहम, लांब घुमारा. इनपुटचा ओहम चुकला तर रिव्हर्ब अगदी क्षीण येतो, आणि लोक विनाकारण अॅम्प उघडत बसतात. टेम्पोतून गडहिंग्लज-आजऱ्याच्या जत्रांना फिरलेल्या अॅम्पमध्ये टाकीच्या आतली केसासारखी बारीक तार तुटलेली सापडते. ती आउटपुटकडची असेल तर अॅम्प हलवला तरी स्प्रिंगचा खडखडाट येत नाही. खडखडाट येतो पण वाजवताना घुमारा नाही, तर टाकीला सिग्नल नेणारी बाजू तपासावी: तिथली केबल किंवा टाकीची इनपुट कॉइल. बासचा स्पीकर अॅम्पला टेकवून ठेवला तर स्प्रिंग आपोआप गुणगुणायला लागते. अॅम्पखाली फोम घालावा.

डिलेचा जन्म टेपवर झाला. टेप आधी आवाज नोंदवणाऱ्या रेकॉर्ड हेडवरून जाते, मग तो वाचणाऱ्या प्लेबॅक हेडवरून. मधलं अंतर भागिले वेग, एवढाच विलंब. अंतर ५ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर असेल तर १३० मिलिसेकंद. मेंफिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५० च्या दशकात दोन अॅम्पेक्स टेप यंत्रांनी काढलेला स्लॅपबॅक, म्हणजे झटकन येणारा एकच पडसाद, साधारण याच मापाचा. मग यंत्रं स्टेजवर आली. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचं कॉपीकॅट १९५८ मध्ये, माइक बॅटल यांचं इकोप्लेक्स १९५९ मध्ये आणि रोलँडचं आरई-२०१ स्पेस इको १९७४ मध्ये. इकोप्लेक्समध्ये हेडच सरकवायचं, स्पेस इकोमध्ये मोटारचा वेग बदलायचा आणि तीन हेडांतून निवड करायची.

टेपवर प्रत्येक फेरीत वरचे स्वर थोडे झडतात आणि वेग किंचित डगमगतो, म्हणून पडसाद मागे मागे सरकत जातो आणि गिटारच्या आड येत नाही. अमेरिकेत बनलेलं, सिंक्रोनस मोटारचं (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारं) यंत्र आपल्याकडे नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालवलं तर ६० हर्ट्झऐवजी ५० हर्ट्झवर फिरतं. वेग पाच षष्ठांश होतो आणि प्रत्येक विलंब २० टक्क्यांनी वाढतो. पावसाळ्यात टेपची पूड हेडवर चिकटते आणि आवाज गढूळ होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, दर काही कार्यक्रमांनी.

टेपची कटकट टाळायला बकेट ब्रिगेड चिप आली. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये हा विचार मांडला गेला: विहिरीवरच्या रांगेत माणसं बादल्या पुढे देतात, तसा विद्युतभार एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात. एमएन३००५ या चिपमध्ये असे ४०९६ कप्पे; भार पुढे सरकवण्याचा ठेका देतो तो क्लॉक. विलंब = कप्पे ÷ (२ × क्लॉक), म्हणजे १० किलोहर्ट्झला २०५ मिलिसेकंद. पण क्लॉक इतका मंद असेल तर ५ किलोहर्ट्झवरचं काहीच आत घेता येत नाही आणि फिल्टर त्याहीखाली लावावा लागतो. अॅनालॉग डिलेचा 'उबदारपणा' म्हणतात तो हाच.

बॉस डीडी-२ ने १९८३ मध्ये पायाखालच्या छोट्या डब्यात १२ बिटचा, ८०० मिलिसेकंदांचा डिजिटल डिले दिला. पडसाद आता मूळ सुराइतकाच स्वच्छ. इथेच नवी अडचण सुरू झाली, कारण स्वच्छ पडसाद पुढच्या सुरावर आदळतो. डिजिटल पेडलवर आज 'टेप' आणि 'अॅनालॉग' मोड दिसतात ते मुद्दाम मळवलेले पडसाद आहेत, आणि लीड वाजवताना तेच वापरावेत. स्वच्छ मोड ठेक्यात विणकाम करायचं असेल तेव्हा.

ते विणकाम आपल्या भाषेत सांगायला सोपं आहे. ६०,००० भागिले लय, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० च्या लयीला ५००. डिले पाऊण मात्रेवर, ३७५ वर ठेवला आणि अर्ध्या मात्रेचे सुर सरळ वाजवले की पडसाद दोन सुरांच्या बरोबर मधे पडतो. फीडबॅक (पडसाद किती वेळा यायचे ते) दोन-तीन पडसादांपुरता, मिक्स (पडसादाचा मोठेपणा) मूळ सुराच्या जवळपास. ढोलकी किंवा ड्रमवाला लय चढवणार असेल तर टॅप टेम्पो (पायाने ठेका देऊन विलंब बसवायची सोय) नसलेल्या पेडलवर हा खेळ करू नये.

स्वस्त पेडलमध्ये आणि एको असलेल्या बऱ्याच कराओके मिक्सरमध्ये पीटी२३९९ ही चिप असते. साधारण ३० ते ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती बरी चालते, त्यापुढे खरखर वाढते. घरी बांधताना तिला ५ व्होल्टचा रेग्युलेटर द्यावा. सहाव्या पिनचा रोध चालू करताना फारच कमी असेल तर चिप अडकून बसते, म्हणून पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधाच्या) मालिकेत किमान एक-दोन किलोओहम घालावा.

क्रमाचा प्रश्नही इतिहासातूनच सुटतो. टेप यंत्रं अॅम्पच्या आधी जोडली जात, पण ते अॅम्प बहुतेक स्वच्छ होते. अॅम्पमध्येच जोरदार डिस्टॉर्शन असेल तर आधी लावलेला डिले चिखल करतो, कारण डिस्टॉर्शन दाबून बसवतं आणि मंद पडसादही मूळ सुराइतके मोठे होतात. अशा वेळी सेंड-रिटर्नमध्ये, म्हणजे अॅम्पमधल्या डिस्टॉर्शननंतरच्या जोडणीत, आधी डिले, मग रिव्हर्ब. डिजिटल आणि अॅनालॉग पेडल एकाच साखळीच्या अडॅप्टरवर लावली तर क्लॉकची बारीक शिट्टी येते, सुटे आउटपुट असलेला पुरवठा घ्यावा.

आता पुन्हा जागेकडे. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पूर्ण झालेलं पॅलेस थिएटर, पुढे केशवराव भोसले नाट्यगृह, माइक नसलेल्या गळ्यांसाठी बांधलं गेलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं. अशा नाट्यगृहात थोडी प्लेट पुरते. मंगल कार्यालयात मागची भिंत २० मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे ११६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्लॅपबॅक हॉलच देतो. तिथे पेडलचा डिले ३०० च्या पुढे न्यावा आणि रिव्हर्ब जवळपास बंद ठेवावा. रस्त्यावरच्या मंडळाच्या स्टेजवर छतच नसतं. समोरच्या इमारतींचे तुटक पडसाद येतात, घुमारा नाही, म्हणून तिथे दोन सेकंदांचा हॉल रिव्हर्ब बिनधास्त उघडावा. फक्त त्याच्या फिल्टरने १५० हर्ट्झखालचं काढून टाकावं, नाहीतर बासच्या भिंतीत गिटारचे सूर हरवतात.