तंतुरोधी औषधे आणि केमोथेरपी : फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगातील संयुक्त उपचार

फुप्फुसांच्या तंतुमयतेवर (ऊतीत ताठर तंतू साचण्यावर) दिले जाणारे औषध केमोथेरपीच्या जोडीला देऊन फुप्फुसाचा प्रगत कर्करोग अधिक काळ आटोक्यात राहतो का, हे तपासणारी संशोधनाची एक शाखा. तिच्यात मुख्यतः दोन औषधांचा विचार होतो : निंटेडॅनिब आणि पिरफेनिडोन. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०१४ मध्ये ही दोन्ही औषधे ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ म्हणजे आयपीएफ या, कारण न कळलेल्या तंतुमयतेच्या, आजारासाठी एकाच दिवशी मंजूर केली. पिरफेनिडोन जपानमध्ये २००८ पासूनच वापरात होते.

आयपीएफमध्ये फुप्फुसातील फायब्रोब्लास्ट पेशी थांबायचे विसरल्यासारख्या कोलॅजन हे तंतूंचे प्रथिन तयार करत राहतात. वायुकोशांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि रक्तात प्राणवायू कमी पोचतो. कर्करोगाच्या गाठीभोवतीही याच जातीच्या पेशी गोळा होतात. त्या गाठीला वाढीचे संदेश पुरवतात आणि तिच्याभोवती दाट जाळे विणतात. या जाळ्याने आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे शिरेतून दिलेले केमोथेरपीचे औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत पुरेसे जात नाही. दोन्ही आजारांत टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ, एफजीएफ यांसारखे तेच ते वाढघटक काम करतात. आयपीएफच्या रुग्णांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो, आणि धूम्रपानाचा वाटा वजा केला तरी हा धोका उरतो. तंतुमयता रोखणारे औषध कर्करोगातही वापरून पाहावे, असा विचार पुढे आला तो यातूनच.

निंटेडॅनिब हे मुळात तंतुमयतेचे औषध आणि नंतर ते कर्करोगाकडे आले, असे यावरून वाटेल; ते मात्र अर्धेच खरे आहे. बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने ते बीआयबीएफ ११२० या नावाने विकसित केले, तेव्हा लक्ष्य कर्करोगच होते : गाठीला रसद पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणे. व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा घटक), एफजीएफ व पीडीजीएफ या तिन्ही वाढघटकांचे ग्राही ते एकदम अडवते. यांपैकी शेवटचे दोन तंतुमयतेतही कळीचे असल्याने औषध आयपीएफकडे वळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इनपल्सिस चाचण्यांत श्वासक्षमतेची वार्षिक घट सुमारे ११५ मिलिलिटरवर आली. प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्यांत ती २०७ ते २४० मिलिलिटर होती. आज ते या आजारासाठीच अधिक ओळखले जाते.

कर्करोगातील सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे ल्यूम-लंग १. नॉन-स्मॉल सेल प्रकारचा कर्करोग पहिल्या केमोथेरपीनंतर पुन्हा वाढलेले १,३१४ रुग्ण २००८ ते २०११ या काळात तिच्यात घेतले गेले. सर्वांना डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध मिळाले. निम्म्यांना सोबत निंटेडॅनिब, उरलेल्यांना प्लासिबो. एक आवर्तन २१ दिवसांचे. पहिल्या दिवशी शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल शिरेतून द्यायचे, आणि त्या दिवशी निंटेडॅनिबची एकही मात्रा घ्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत. प्रत्यक्षात एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या पीच रंगाच्या दोन मऊ कॅप्सूल न चावता गिळायच्या. आयपीएफमधील नेहमीची मात्रा याहून कमी, म्हणजे १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी आहे.

या चाचणीचे निकाल वाचताना सांख्यिकीची शिडी ध्यानात ठेवावी लागते. पहिली पायरी होती आजार न वाढता गेलेला काळ; ती ओलांडली तरच एकूण आयुष्याकडे जायचे, तेही आधी ॲडेनोकार्सिनोमाच्या (ग्रंथीपेशींपासून होणाऱ्या उपप्रकाराच्या) रुग्णांत आणि शेवटी सर्वांत. पहिल्या पायरीवर ३.४ विरुद्ध २.७ महिने असा फरक दिसला. ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १२.६ महिने भरले. केवळ डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांत ते १०.३ होते. यांपैकी पहिला उपचार सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत ज्यांचा आजार पुन्हा उसळला, त्यांत हे आकडे १०.९ व ७.९ महिने आले. सर्वांत चिवट आजाराच्या गटाला सर्वांत जास्त लाभ, ही गोष्ट चकित करणारी आहे. सर्व रुग्ण एकत्र धरले तर मात्र १०.१ व ९.१ महिने हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. या आधारावर युरोपने नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हारगाटेफ या नावाने ते फक्त ॲडेनोकार्सिनोमासाठी, डोसिटॅक्सेलसोबत, मंजूर केले. अमेरिकेत कर्करोगासाठी ही मान्यता नाही.

लाभ खरा आहे, पण दोन-तीन महिन्यांचा, आणि तो फुकट मिळत नाही. तीव्र जुलाब ६.६ टक्के रुग्णांना झाले (प्लासिबो गटात २.६), तर यकृताच्या एएलटी विकराची तीव्र वाढ ७.८ टक्क्यांत दिसली (प्लासिबो गटात ०.९). यकृताच्या तक्रारी मात्रा कमी केल्यावर किंवा औषध काही काळ थांबवल्यावर सहसा ओसरतात. जुलाबाचे पहिले लक्षण दिसताच लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध सुरू करावे, अशी सूचना असते. थकलेल्या रुग्णाला दिवसभर जुलाब होत असतील, तर आयुर्मानाच्या आलेखावर दोन गटांच्या रेषांमधले अंतर त्याच्या दृष्टीने वेगळेच ठरते.

पुढच्या चाचण्या तितक्या फळल्या नाहीत. पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीच्या औषधासोबतची ल्यूम-लंग २ चाचणी मध्यंतरीच्या आढाव्यात यशाची शक्यता दिसेना म्हणून २०११ मध्ये थांबवली गेली. गंमत अशी, की नंतर ७१३ रुग्णांची माहिती केंद्रीय तपासणीने पाहिली तेव्हा आजार न वाढता गेलेला काळ ४.४ विरुद्ध ३.६ महिने निघाला, म्हणजे मूळ उद्दिष्ट साधले होते! आयुर्मानात मात्र फरक नव्हता. फुप्फुसावरणाच्या कर्करोगात, मेसोथेलिओमात, तिसऱ्या टप्प्याची चाचणी अपयशी ठरली.

त्यातच २०१५ मध्ये निव्होलुमॅबने दुसऱ्या फळीत (पहिल्या उपचारानंतर आजार वाढल्यावर) डोसिटॅक्सेलला मागे टाकले आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारा उपचार, पुढे सरकली. ल्यूम-लंग १ मधील रुग्णांना ती मिळालेली नव्हती. त्यामुळे आज इम्युनोथेरपीनंतर निंटेडॅनिब व डोसिटॅक्सेल दिले, तर जुने आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. जर्मनीतील वारगाडो या निरीक्षणात्मक अभ्यासात अशा रुग्णांचाही मागोवा घेतला आहे.

पिरफेनिडोनची वाट निराळी. कर्करोगाकडे ते खरोखरच बाहेरून आले. पेशी व उंदरांवरील प्रयोगांत सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधासोबत त्याने गाठीतील फायब्रोब्लास्टचा जोर कमी केला. मानवी पुरावा याच्या तुलनेत तोकडा आहे.

सर्वांत अवघड रुग्ण म्हणजे ज्यांना आयपीएफ आणि कर्करोग दोन्ही आहेत. केमोथेरपीने त्यांची तंतुमयता अचानक भडकू शकते आणि ती प्राणघातक ठरू शकते, म्हणून मोठ्या चाचण्यांतून त्यांना सहसा वगळले जाते. जपानमधील जे-सॉनिक चाचणी नेमकी त्यांच्यासाठीच आखली गेली. कार्बोप्लॅटिन व नॅब-पॅक्लिटॅक्सेल सर्वांना आणि निम्म्यांना निंटेडॅनिबची जोड, अशी २४३ रुग्णांत तुलना झाली. आयपीएफ न भडकता गेलेला काळ १४.६ विरुद्ध ११.८ महिने आला, पण हा फरक सिद्ध होण्याइतका ठरला नाही आणि मुख्य उद्दिष्ट हुकले. कर्करोग न वाढता गेलेला काळ निंटेडॅनिब गटात थोडा लांबला, आणि स्क्वेमस (चपट्या पेशींचा) नसलेल्या कर्करोगाच्या गटात आयुर्मानही वाढलेले दिसले. दोन्ही गटांत तंतुमयता भडकण्याचे प्रमाण कमी राहिल्याने, अशा रुग्णांना ही केमोथेरपी देता येते याला मात्र या चाचणीने आधार दिला.