थेंबाच्या पोटाला पडणारी खळी

पाण्यात बुडवलेल्या काचेकडे तेलाचा थेंब ढकलला, तर तो लगेच चिकटत नाही. मधलं पाणी आधी बाहेर पडावं लागतं, आणि ते फार रेंगाळतं. किती, या प्रश्नाचं पहिलं उत्तर थेंबांच्या अभ्यासातून आलं नाही. ते यंत्रांच्या वंगणातून आलं.

१८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होते. तेल घालायला वर पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. एवढ्याशा फटीतल्या तेलात इतका दाब! ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८६मध्ये त्याचं गणित मांडलं. (व्हिएन्नात योसेफ स्टेफान यांनी दोन तबकड्यांमधल्या द्रवाचा हिशेब १८७४मध्येच केला होता.) त्याचा गाभा असा: दाब तोच ठेवून फट निम्मी झाली, की मिटण्याचा वेग एक अष्टमांशावर येतो.

पण तबकड्या ताठ, थेंब लवचीक. काचेजवळ त्याचं पोट सपाट होईल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दाब सर्वांत जास्त मध्यभागी साठतो, आणि तो थेंबाच्या आतल्या दाबाला वरचढ ठरला की पोटाला चक्क खळी पडते. खळीत पाणी अडकतं. काचेच्या सर्वांत जवळ येतं ते कडेचं रिंगण, आणि सगळा निचरा त्याच चिंचोळ्या वाटेनं.

१९३९मध्ये सोव्हिएत संघात डेर्यागिन आणि कुसाकोव्ह यांनी सपाट पृष्ठावर बुडबुडा दाबून मधला थर त्यात उमटणाऱ्या प्रकाशाच्या कड्यांवरून (थराच्या जाडीनुसार त्या बदलतात) मोजला. १९६२मध्ये फ्रँकेल आणि मायसेल्स यांनी खळीचं गणित सोडवलं: वेळ सोळापट झाला की कडेचा थर पाव होतो, मधला मात्र निम्माच. दोनच वर्षांनी बल्गेरियाच्या प्लाटिकानोव्ह यांनी काचेसमोरच्या बुडबुड्यावर ही खळी मोजली.

२००३मध्ये ऑस्ट्रेलियात कॉनर आणि हॉर्न यांनी अभ्रकासमोर पाऱ्याचा थेंब आणला. निवड मोठी मार्मिक होती. पाऱ्याला विजेचा दाब (व्होल्टेज) देता येतो, त्यामुळे अभ्रकानं त्याला ओढायचं की ढकलायचं हे प्रयोग करणाराच ठरवतो. ढकललं, तर पाणी झिरपत झिरपत शेवटी अगदी पातळ थर टिकून राहतो. ओढलं, तर थर कोसळतो, आणि तोही मध्यभागी नाही, कडेच्या रिंगणावर.