मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली? अर्धंच खरं

मेटल डिटेक्टरची कॉइल (जमिनीवर फिरवायची तारेच्या वेटोळ्याची चकती) जेवढी मोठी, तेवढं खोलवरचं सापडतं, असं आपल्याकडं कोल्हापुरात सर्रास सांगतात. गाडलेला लोखंडी पाइप किंवा तांब्याचा हंडा शोधायचा असेल तर 15 इंची कॉइल खरंच खोल पोचते. पण उसाच्या सरीत गळ्यातल्या कोल्हापुरी साजातलं सोन्याचं एक पान पडलं असेल तर 6 इंचीच घ्या. लहान कॉइलचं चुंबकीय क्षेत्र तिच्याजवळ एकवटलेलं असतं, मोठीचं पसरतं. नखाएवढ्या सोन्याचा क्षीण सिग्नल त्यात हरवतो. शेजारी गंजका खिळा असला तर मोठी कॉइल दोन्ही एकत्रच ऐकते.

कॉइल दुप्पट केली म्हणून खोली दुप्पट होत नाही. कॉइलपासून बरंच लांब गेल्यावर, अंतर दुप्पट झालं की परतणारा सिग्नल साधारण 64 पट क्षीण होतो.

आणि माती! पन्हाळ्याकडची तांबडी जांभ्याची माती लोहानं भरलेली. मोठ्या कॉइलखाली एकावेळी तिचा जास्त भाग येतो, मशीन उगाच कुरकुरतं, मग सेन्सिटिव्हिटी उतरवावी लागते. कमावलेली खोली तिथंच जाते. अशा जमिनीत मी तरी आधी लहान कॉइल लावीन, सावकाश फिरवीन, जमिनीला जवळजवळ घासून.