लिंकचा मजकूर आणि स्क्रीन रीडर : सीमाभागातील मराठी वेबपाने

वेबपानावरच्या ज्या शब्दांवर टिचकी मारली की दुसरे पान किंवा फाइल उघडते, ते शब्द म्हणजे लिंकचा मजकूर. स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा किंवा ब्रेल यंत्रावर उमटवणारा प्रोग्रॅम. तो वापरणाऱ्या अंध आणि अल्पदृष्टी वाचकांच्या कानावर लिंकचे शब्द पुष्कळदा मागच्यापुढच्या वाक्याविना पडतात. म्हणून लिंक कुठे नेते हे त्या शब्दांतच आले पाहिजे. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्यात एकाच कामासाठी मराठी, कन्नड आणि इंग्रजी पाने उघडावी लागतात. तिथे या साध्या नियमाला आणखी पदर आहेत.

डोळस माणूस पान वरून खाली चाळतो. स्क्रीन रीडर वापरणारा लिंकवरून लिंकवर उड्या मारतो. टॅब कळ दाबली की पुढची लिंक किंवा बटण येते. ऑस्ट्रेलियातील मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध प्रोग्रॅमरांनी २००६ पासून उभ्या केलेल्या ‘एनव्हीडीए’ या मोफत स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ-७ या कळा एकत्र दाबल्या की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर येते. ‘जॉज’ या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही याच कळा आहेत. अँड्रॉइड फोनवरच्या ‘टॉकबॅक’मध्ये वाचनाची रीत ‘लिंक’वर ठेवून बोट सरकवले की तेच साधते.

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. अशा एखाद्या संमेलनाचे पान डोळ्यांसमोर आणावे. कार्यक्रमपत्रिकेसाठी येथे क्लिक करा, निबंध स्पर्धेच्या नियमांसाठी येथे क्लिक करा, अध्यक्षीय भाषणासाठी येथे क्लिक करा; आणि लिंक प्रत्येक वेळी शेवटच्या तीन शब्दांनाच. यादी उघडल्यावर ऐकू येते ते एवढेच : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. लिंक ‘कार्यक्रमपत्रिका’ या शब्दालाच दिली असती तर वाक्यही आटोपशीर झाले असते. बातम्यांच्या पानांवर हाच दोष तिपटीने आढळतो : मथळ्याला एक लिंक, छायाचित्राला दुसरी, ‘सविस्तर वाचा’ला तिसरी, आणि तिन्ही जातात एकाच बातमीकडे. छायाचित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचायचे, कोडमध्ये लिहिलेले शब्द) नसेल तर स्क्रीन रीडर फाइलचे नाव किंवा वेबपत्त्याचा तुकडा वाचतो. मथळा आणि छायाचित्र मिळून एकच लिंक करावी, चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा आणि ‘सविस्तर वाचा’ सरळ काढून टाकावे.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, आणि इंग्रजी मार्गदर्शक सूचना वाचून काम करणाऱ्यांचे इथे हमखास दुर्लक्ष होते. ‘खानापूरच्या’ या शब्दात लिंक फक्त ‘खानापूर’ला दिली की स्क्रीन रीडर ‘लिंक, खानापूर’ म्हणून थबकतो आणि मग सुटे ‘च्या’ वाचतो. ‘बेळगावात’ची अवस्था याहून वाईट : लिंक ‘बेळगाव’पाशी संपवली तर काना आधाराविना बाहेर लोंबकळतो. प्रत्ययासह पूर्ण शब्द लिंकमध्ये घ्यावा. शक्य तर ‘खानापूर तालुक्यातील ग्रामपंचायतींची यादी’ असा अख्खा शब्दसमूहच घ्यावा.

लिंकच्या शब्दांऐवजी नुसता वेबपत्ता चिकटवणे ही व्हॉट्सॲपमुळे बोकाळलेली सवय. पत्त्यात देवनागरी असेल तर कॉपी करताना पुष्कळदा प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट टक्केचिन्हांसह उलगडले जातात. एकटा ‘ब’ होतो ‘टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए सी’. ‘बेळगाव’ या शब्दात मात्रा आणि काना धरून सहा चिन्हे आहेत. त्यांची चोपन्न होतात, आणि ऐकणाऱ्याला ती सगळी ऐकावी लागतात.

सीमाभागाची खरी गाठ भाषेच्या खुणेपाशी, म्हणजे मजकूर कोणत्या भाषेत आहे हे कोडमध्ये सांगणाऱ्या नोंदीपाशी आहे. सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत ही इथली मागणी जुनी आहे आणि तिचा निकाल वेबपान लिहिणाऱ्याच्या हातात नाही. पण आपल्या मराठी पानावरून कन्नड अर्जाकडे लिंक देताना ‘पहाणी उताऱ्याचा अर्ज, कन्नड, पीडीएफ’ असे लिहिणे नक्कीच आहे. लक्ष्यपानाची भाषा कोडमध्ये नोंदवता येते, पण स्क्रीन रीडर ती सहसा बोलून दाखवत नाहीत. म्हणून ती शब्दांत लिहावी. लिंकचा मजकूरच कन्नड लिपीत असेल, उदाहरणार्थ भाषा बदलण्याची लिंक, तर तेवढ्या भागाला कन्नडची खूण द्यावी. मग आवाज आपोआप बदलू शकतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या आवाजात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. खूण नसेल तर मराठी आवाज कन्नड अक्षरांशी झटापट करतो. लिपी एकच म्हणून मराठी पानाला हिंदीची खूण ठोकून देणारेही काही कमी नाहीत. तिथे उच्चार हिंदी वळणाचे होतात.

वेब सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे (डब्ल्यूसीएजी) या बाबतीत दोन पायऱ्या सांगतात. निकष २.४.४, पातळी ‘ए’ : लिंकचा हेतू तिच्या मजकुरातून किंवा त्याला जोडून असलेल्या वाक्यातून, परिच्छेदातून कळावा. निकष २.४.९, पातळी ‘एएए’ : तो एकट्या मजकुरातून कळावा. म्हणजे संमेलनाच्या पानावरचे ‘येथे क्लिक करा’ पहिल्या पायरीवर कागदोपत्री उत्तीर्ण होऊ शकते. मराठी पाने लिहिणाऱ्याने त्यावर समाधान मानू नये. दुसरी पायरी गाठायला खर्च काही येत नाही. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचे भारतीय मानक लागू आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

दिसणारा मजकूर तसाच ठेवून कोडमध्ये ‘एरिया-लेबल’ने स्क्रीन रीडरसाठी वेगळे, न दिसणारे नाव देण्याची पळवाट लोकप्रिय आहे. तिला शेवटचा उपाय समजावे. आवाजी आज्ञेने फोन चालवणारा माणूस पडद्यावर दिसते तेच बोलतो; दिसणारे शब्द छुप्या नावात नसतील तर लिंक उघडत नाही. तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीत त्यासाठी २.५.३ हा स्वतंत्र निकष आला. शिवाय पुढच्या वर्षी संमेलनाचे तेच पान नव्या मजकुराने वापरले जाते तेव्हा दिसणारी तारीख बदलते आणि छुप्या नावात गेल्या वर्षाचीच राहते. पान तपासणारे डोळस असतील तर ती त्यांच्या नजरेला पडत नाही.