हेड सरळ झालं, पण मऊच राहिलं

मामाच्या गाडीचं हेड गॅस्केट पहिल्यांदा उडालं ते मे महिन्यात, खंबाटकी घाटात. इंजिनाच्या खालच्या ब्लॉकवर जे जड झाकण बसतं ते हेड, आणि दोघांच्या सांध्यातली गळती रोखणारा पातळ थर म्हणजे गॅस्केट. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि थोड्या वेळानं आपोआप खाली आला. गाडी निवळली असं समजून मामा तसाच पाच-सहा किलोमीटर पुढे गेला. खरं तर काटा खाली आला होता तो पाणी संपल्यामुळे. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी ओसरून तो उघडा पडला की त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. गॅस्केट बदललं, गाडी चालू झाली. गणपतीत पुन्हा तेच. या वेळी हेड उतरवून लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा.

तोवर घरात कुणी नजर लागल्याचं बोलू लागलं होतं, कुणी गॅरेजवाल्यानं फसवलं म्हणत होतं. मला राग येतो तो पहिल्या बोलण्याचा. नजर लागली असं एकदा ठरलं की रेडिएटरच्या झाकणाचं रबर फाटलंय का, हे कुणी बघत नाही. मामाच्या गाडीत तेच फाटलेलं होतं. हे झाकण पाण्यावर दाब धरून ठेवतं. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी 100 नव्हे, 120 अंशांना उकळतं. झाकण गळकं असलं की घाटात पाणी आधीच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं.

आता पुढचं. पुष्कळ गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा असतो. 400 मिलिमीटर लांबीचं हेड 100 अंशांनी तापलं तर सुमारे 0.9 मिलिमीटरनं वाढतं, बीड मात्र त्याच्या निम्म्यानंच. हेडला वरून आवळून धरणारे बोल्ट पोलादाचे, तेही बिडाइतकेच वाढतात. म्हणजे भलतं तापलेलं हेड लांबीतही अडतं आणि उंचीतही. वाढायला जागा नसलेला धातू बोल्टखाली चेपला जातो. थंड झाल्यावर तो आकसतो, पण चेपलेला भाग परत फुगत नाही, त्यामुळे बोल्टची पकड सैल पडते. हेडही वाकतं. लेथवाला त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पाती सरकवतो. 0.05 मिलिमीटरची पात सहज गेली तरी तो नकारार्थी मान हलवतो. मामाच्या हेडखालून 0.15 ची गेली होती.

वाकलेलं हेड घासून सरळ करता येतं. त्याचा गेलेला कडकपणा मात्र घासून परत येत नाही, आणि मला सांगायचंय ते हेच.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना दिसलं, की तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून झटकन पाण्यात बुडवलं तर ते लगेच कडक होत नाही. काही दिवस नुसतं ठेवल्यावर होतं. याचं कारण 1938 मध्ये क्ष-किरणांनी समजलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. मिसळलेल्या धातूंचे अणू आतल्या आत एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे पुंजके बनवतात.

एवढ्याशा पुंजक्यांनी काय होतं? धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी सरकवताना आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो. धातूतही अशीच सुरकुती धावते, तिला डिसलोकेशन म्हणतात. सतरंजीवर जागोजागी खडे ठेवले तर सुरकुती अडते. पुंजके म्हणजे हे खडे. ते बारीक आणि दाट असले की धातू कडक.

इंजिनाचं हेड कडक करण्याची एक रीत अशी: ते 540 अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात आणि मग 150 ते 200 अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. खडे हवे तेवढे झाले की थांबवतात. घाटात पाणी संपल्यावर हेड त्याहून बरंच जास्त तापतं आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. छोटे पुंजके विरघळतात, त्यांचे अणू मोठ्यांना जाऊन चिकटतात. खड्यांचा माल तेवढाच, पण मूठभर मोठे धोंडे उरतात आणि मधली जागा मोकळी. सुरकुती त्यांना वळसा घालून निघून जाते. गार झाल्यावर हे उलट फिरत नाही. बाहेरून हेड तसंच चकचकीत दिसतं.

नव्या गॅस्केटला सिलिंडरभोवती पोलादी कडं असतं. ते मऊ हेडमध्ये हळूहळू रुततं, आणि पेट्रोल इंजिनात वातावरणाच्या पन्नासपटीपर्यंत जाणारा जळत्या वायूचा दाब पुन्हा वाट शोधतो. गळती बुजवणाऱ्या पावडरी याला काहीही करू शकत नाहीत. त्या पाण्याच्या बारीक वाटा बुजवतात, रेडिएटरच्याही.

पाणी इंजिन ऑईलमध्ये उतरलं असेल तर नुकसान खालीही पोचतं. डिपस्टिकवर चहाच्या रंगाची साय दिसते. कूलंटमधलं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मिसळलेलं ग्लायकॉल तापून आम्लं बनतात, ती बेअरिंग खातात. ऑईल बदललं तरी खाल्लेलं बेअरिंग भरून येत नाही.

तिसऱ्या वेळी लेथवाल्या काकांनी एक गोष्ट केली. त्यांच्याकडे स्प्रिंगचा पंच होता. हातोडी लागत नाही, दाबला की दर वेळी तेवढाच ठोका बसतो. मामाच्या हेडवर त्यांनी एक ठोका दिला आणि त्याच मॉडेलच्या, अपघातातल्या गाडीच्या हेडवर दुसरा. मामाच्या हेडवरचा खड्डा नुसत्या डोळ्यांनाही मोठा दिसत होता. नखानं चाचपला तर फरक लगेच कळला.

मामानं ते दुसरं हेड घेतलं. सोबत नवे बोल्ट आणि रेडिएटरचं नवं झाकण.