ऑस्करचं उष्टावण

बडोद्यात ऑस्कर या शिकारी, शोभेच्या माशाचं पिल्लू विकत घेतलं की दुकानदार बहुधा बारीक गोल्डफिशची एक पिशवीही हातात ठेवतो. ‘जीवतां माछलां नाखो, तो ज वधशे,’ म्हणजे जिवंत मासे टाका, तरच वाढेल, हा सल्ला वर फुकट. बोटभर पिल्लू गोल्डफिश गिळत गिळत वीतभर होतं आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, हे असं किती दिवस चालायचं? दांडिया बाजाराच्या आसपासच्या मराठी घरांत हा प्रश्न जरा लवकर येतो. तिथे गुरुवार असतो, चतुर्थी असते, आणि काचेपलीकडची शिकार पाहून नातवंडांपेक्षा आजीच जास्त अस्वस्थ होतात.

आजींची बाजू घ्यायला विज्ञानाकडेही कारणं आहेत. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या फार्मवर फरसाठी पाळलेले कोल्हे लुळे पडून मरू लागले. त्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा होता. पुढे उलगडलं ते असं, की कार्पच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते ब-१ जीवनसत्त्वाची मोडतोड करतं. शिजवलं की हे विकर निकामी होतं, नुसतं गोठवून होत नाही. गोल्डफिश कार्पच्याच कुळातला. महिनोन्‌महिने केवळ त्याच्यावर पोसलेल्या शिकारी माशाची भूक मंदावते, तोल जातो, कधी झटके येतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्कर मासे खातो तसे किडे आणि झिंगेही खातो, एकाच पदार्थावर जगत नाही. शिवाय ‘चाऱ्याचे’ मासे दाटीवाटीनं ठेवलेले असतात. त्यांच्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अंगाला चिकटणारे लर्निया परजीवी, आतड्यातले कॅमॅलॅनस जंत असे पाहुणे फुकटात घरी येतात.

एवढं पटलं, की माणूस पेलेटचा, म्हणजे माशांच्या तयार दाण्यांचा डबा आणतो. मूठभर दाणे पाण्यात पडतात, ऑस्कर त्यांच्याकडे बघतही नाही आणि ‘हट्टी आहे’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला मान्य नाही. माशाच्या दृष्टीनं तो दाणा अन्न नसतोच. शिकारी माशाचं तोंड उघडतं ते काही खुणा जुळल्यावर. पहिली खूण हालचाल, ती डोळ्यांना दिसते. दुसरी पाण्यातली थरथर. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेखा ती टिपते. तिच्यातल्या सूक्ष्म केसपेशी पाण्याच्या हलक्या धक्क्यानंही वाकतात. (आपल्या विश्वामित्रीतल्या मगरींच्या जबड्यांवर बारीक ठिपके असतात, तेही असलंच काम करतात, गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा भरवसा नाही.) तिसरी खूण वासाची. या जुळल्या की मासा झटक्यात तोंड फाकवतो, आत पोकळी होते आणि पाण्यासकट भक्ष्य ओढलं जातं. सगळा प्रकार डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतो. चौथी परीक्षा त्यानंतर, तोंडाच्या आत. तिथल्या चवकळ्या ठरवतात, गिळायचं की थुंकायचं.

म्हणून मासा दाणा तोंडात घेऊन थुंकतो तेव्हा पाळणारा निराश होतो, आणि तिथेच तो चुकतो. थुंकणं म्हणजे आधीच्या परीक्षा पार पडल्या. अडलं आहे ते फक्त चवीवर.

यातूनच रीत निघते. सगळ्या खुणा एकदम काढून घ्यायच्या नाहीत, एकेक करून काढायच्या. बाळाला दुधावरून भातावर आणताना आधी पेज देतो, तसंच. जिवंत माशाच्या जागी आधी सोललेल्या कोळंबीचा तुकडा द्यावा, पण प्लास्टिकच्या बोथट चिमट्यात धरून, पाण्यात हलवत. जीव गेला, हालचाल राहिली. तो नेमानं घेऊ लागला की तुकडा फिल्टरच्या धारेत सोडावा, म्हणजे तो आपोआप वाहत जातो. मग कोळंबीच्या वाटणात दाण्यांचा चुरा मिसळून गोळ्या कराव्यात आणि चुऱ्याचं प्रमाण हळूहळू वाढवावं. शेवटी अख्खा दाणा, कोळंबीच्या रसात थोडा वेळ भिजवलेला. कोळंबीची गोडसर चव बरीचशी ग्लायसिन या अमिनो आम्लाची असते. ग्लायसिन, ॲलानिन, बीटेन ही मांसाहारी माशांना खुणावणारी द्रव्यं तिच्यात भरपूर असतात. लसणाच्या रसाची शिफारस बरेच जण करतात. माझा भरवसा कोळंबीवर.

उपास हेही हत्यार आहे, पण धार दोन्हीकडे. मासा थंड रक्ताचा, शरीर ऊबदार ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. धडधाकट, वाढलेला ऑस्कर आठवडाभर उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही. दोन बोटांच्या पिल्लावर मात्र हा प्रयोग करू नये. बडोद्याच्या जानेवारीत हीटर नसेल तर पाणी गार पडून भूक आपसूकच मंदावते, तेव्हा सुरुवात करू नये. मे महिन्यात उलटं: भूक कडकडून लागते, पण ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि उरलेलं खाणं भराभर कुजून अमोनिया होतो. दहा मिनिटांत खाल्लं नाही ते नळीनं काढून टाकावं.

शेजारी तेवढ्याच आकाराचा, दाणे खाणारा मासा असला तर काम सोपं होतं. दुसरा काहीतरी गिळतोय हे पाहून ऑस्करचा संशय फिटतो. अरोवाना हा दुसरा शिकारी मासा वर तोंड करून पृष्ठभागावरचं खातो, त्याला तरंगणारेच दाणे हवेत. तो काही महिने दाद देत नाही, असंही होतं. पानासारखा निपचित तरंगत दबा धरणारा नांदस मासा याहून कठीण. त्याच्या बाबतीत मेलेल्या कोळंबीवर समाधान मानावं.

हे जमतं का, याचं उत्तर खाडीकाठी आहे. खाडीतला जिताडा मासा पक्का शिकारी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेनं १९९७मध्ये त्याचं बंदिस्त जागेत प्रजनन केलं. त्याच्या पिल्लांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जलचर, मग आर्टेमिया हे इवलेसे झिंग्यांसारखे जीव आणि त्यावरून बारीक दाणे अशा पायऱ्यांनी नेतात. दरम्यान पिल्लं आकारानुसार वेगळी करत राहावं लागतं, नाहीतर मोठी भावंडं लहानांनाच खातात.

दाणे घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. मासळीची पूड पहिल्या क्रमांकावर आणि प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या वर हवीत, कारण या माशांना पिष्ट नीट पचत नाही. कोंबडीचं काळीज, खिमा रोज नको. त्यातली चरबी माशाच्या यकृतात साठते. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळतं, आणि उष्णतेनं ते उडतं, तेलही खवट होतं. तेव्हा मोठा स्वस्त डबा घेण्यापेक्षा लहान पाकीट घ्यावं आणि फ्रिजमध्ये घट्ट झाकून ठेवावं. फ्रीझरमधल्या कोळंबीचा प्रश्न घरात आधीच मिटवावा. श्रीखंडाच्या डब्याशेजारी ती कुणालाच चालत नाही.